दुसऱ्याच्या हातचं पुस्तक: आवडीबाहेरची अदलाबदल कशी चालवायची

वाचणाऱ्या माणसाचे पाय ग्रंथालयात शिरल्यावर आपोआप त्याच कपाटाकडे वळतात. ऐतिहासिक कादंबऱ्यावाला ऐतिहासिककडे, रहस्यकथावाला रहस्यकथांकडे, आणि 'मी फक्त चरित्रं वाचते' म्हणणारी चरित्रांकडे. यावर उपाय एकच, आपलं पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी निवडू द्यायचं. आमचा असा एक गट आहे. भेटतो दादरला, माणसं डोंबिवलीपासून बोरिवलीपर्यंतची. नवीन येणारा प्रत्येकजण तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

पुस्तक भिशी तुम्ही ऐकली असेल. सगळ्यांनी महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांतून आपल्या आवडीची पुस्तकं घ्यायची. आमचा प्रकार उलटा आहे. पैसे गोळा होत नाहीत आणि स्वतःच्या आवडीला मत नसतं. प्रत्येकजण गटातल्या एकासाठी असं पुस्तक निवडतो, जे त्या माणसाने आपणहून कधीच उचललं नसतं. वाचायला सहा आठवडे. मग भेटून बोलायचं.

आधी हे जमवा

- एक दोनशे पानी वही. व्हॉट्सॲप ग्रुप असला तरी वही हवीच, कारण कुणाचं पुस्तक कुणाकडे आहे हे ग्रुपवर शोधायला गेलात तर आधी गुड मॉर्निंगचे ढीग उपसावे लागतात.
- वाचकपत्राच्या छापील प्रती (वाचकपत्र म्हणजे काय, ते पायरी २ मध्ये).
- पेन्सिल. पेन नको.
- झिपच्या प्लास्टिक पिशव्या, पुस्तकाच्या मापाच्या.
- ग्रंथालयाचं सभासदत्व नसेल तर त्यासाठी पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि अनामत रकमेची तयारी. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, आधी फोन करून विचारा.

१. माणसं जमवा आणि गोल करा

सहा ते आठ जण पुरेत. बारा झाले की भेटीत निम्म्यांना बोलायला मिळत नाही, आणि चारच असले तर एकजण आजारी पडला की फेरी बसते.

कोण कुणासाठी निवडणार, यासाठी लोक हौसेने डब्यातून चिठ्ठ्या काढतात. करू नका. आठ जणांनी अशा चिठ्ठ्या काढल्या तर कुणा ना कुणाच्या हाती स्वतःचंच नाव येण्याची शक्यता जवळपास ६३ टक्के असते. मग पुन्हा डबा हलवा, पुन्हा काढा. त्यापेक्षा सगळ्या चिठ्ठ्या मिसळून टेबलावर गोलात मांडा आणि प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या नावासाठी निवडायचं. विषय संपला.

गोलाचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. दोघांनी एकमेकांसाठी निवडलं की लगेच देणंघेणं सुरू होतं: 'तिने माझं पुस्तक कौतुकाने वाचलं, आता मला तिचं आवडलंच पाहिजे.' लग्नातल्या आहेरासारखं सगळं तोलूनमापून होतं आणि खरं बोलणं राहून जातं. नवरा-बायको किंवा एकाच ऑफिसातले दोघे गटात असतील तर त्यांची नावं गोलात शेजारी येऊ देऊ नका. घरच्या माणसाला काय वाचायला हवं, याबद्दल आपली मतं फार जुनी आणि फार ठाम असतात.

२. वाचकपत्र भरून घ्या

सगळं काम या एका कागदावर उभं आहे. 'तुम्हाला काय आवडतं?' असं विचारलंत तर उत्तर येतं 'मी सगळं वाचतो.' सगळं वाचणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. शिवाय लोक आपण जे वाचायला हवं होतं ते लिहितात, वाचलेलं लिहीत नाहीत. म्हणून प्रश्न असे विचारा, की खोटं लिहिण्यात काही फायदाच उरू नये:

- शेवटपर्यंत वाचलेली शेवटची तीन पुस्तकं कोणती? (आवडती नव्हे, शेवटची.)
- अर्ध्यात सोडलेलं एक पुस्तक, साधारण कुठे सोडलं आणि का?
- दिवाळी अंक हातात आला की आधी काय उघडता? कथा, परिसंवाद, व्यंगचित्रं की राशिभविष्य?
- कुठे वाचता? लोकलमध्ये उभ्याने, बसून, रात्री अंथरुणात, की फक्त रविवारी?
- अक्षर किती बारीक चालतं?
- मराठीशिवाय कोणत्या भाषेतलं चालेल?
- कोणता विषय सध्या नको? कारण लिहायची गरज नाही.

दिवाळी अंकाचा प्रश्न पोरकट वाटेल, पण माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. 'मनोरंजन'चा १९०९ चा अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. तेव्हापासून मराठी घरात दरवर्षी एकाच वेष्टनात कथा, कविता, लेख, हास्यचित्रं एकत्र येतात, आणि त्यातून माणूस काय आधी उचलतो हे त्याला स्वतःलाही लपवता येत नाही. 'गंभीर वैचारिक वाचन' असं लिहिणारे एक काका आधी व्यंगचित्रं बघतात, हे कळल्यावर त्यांच्यासाठी निवडणं एकदम सोपं झालं.

शेवटच्या प्रश्नाबाबत कडक राहा. घरात आजारपण चालू आहे, कुणी नुकतंच गेलं आहे, अशा माणसाच्या हाती नेमकं तेच पुस्तक पडू नये. 'नको' लिहिलेल्या विषयावर चर्चा नाही, 'पण हे वेगळं आहे हो' हेही नाही.

३. निवडताना एक धागा ओळखीचा ठेवा

नवखे इथे दोन टोकं गाठतात. एकतर आवडीच्या शेजारचंच देतात, म्हणजे पेशव्यांवरची कादंबरी वाचणाऱ्याला शिवकाळावरची. नाहीतर थेट परग्रहावरचं देतात, म्हणजे त्याच माणसाला दुर्बोध कवितांचा संग्रह. पहिल्यात काही घडत नाही, दुसऱ्यात पुस्तक दहाव्या पानावर मिटतं.

वाचकपत्रावरून आधी हे शोधा, की हा माणूस वाचतो त्यातून त्याला नेमकं काय मिळतं. मग तेवढं एक कायम ठेवायचं आणि बाकीचं बदलायचं.

पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला बहुतेक वेळा तलवारीत रस नसतो. त्याला दरबार आवडतो: कोण कुणाच्या कानाला लागलं, कुणी कुणाचा काटा काढला. त्याला अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' किंवा 'सिंहासन' (१९७७) द्या. दरबार तोच, फक्त मंत्रालयात भरलेला. दोन्हींवर मिळून १९७९ चा 'सिंहासन' चित्रपट आला, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. ही अडचण समजू नका, आत शिरायला दार आहे ते.

'ललित लेख म्हणजे पाल्हाळ' म्हणणारी कादंबरीवाली असेल तर दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. चैत्रापासून सुरू होऊन महिन्याला एक असे लेख आहेत. सांगायचं, की सलग वाचू नकोस, आत्ता जो महिना चालू आहे तेवढाच वाच आणि मग खिडकीबाहेर बघ. मुंबईच्या खिडकीतून दिसणारी दोन झाडंसुद्धा पुरतात. इथे ओळखीचा धागा म्हणजे वाचणारीचा स्वतःचा परिसर.

यशस्वी माणसांची चरित्रंच वाचणाऱ्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आयुष्याची गोष्ट तर आहेच, पण कुणी कुणाला उपदेश करत नाही, आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर बाई इतक्या सहज हसतात, की वाचणारा दचकतो.

चाळीतल्या गमतीजमती आवडणाऱ्याला दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) हे दलित आत्मकथन देता येतं. त्यात नागपाड्याजवळचा कावाखाना आहे, म्हणजे शहर हेच, वस्ती मात्र त्याने कधी न पाहिलेली. पण इथे थांबून स्वतःला विचारा: हे मी का देतेय? पुस्तक तुम्हाला जबरदस्त वाटलं म्हणून देत असाल तर द्या. समोरच्याची मतं सुधारायला देत असाल तर नका देऊ. वाचणाऱ्याला पहिल्या पाच पानांत वास येतो, की हे पुस्तक आपल्या अंगावर सोडलं आहे. मग तो पुस्तकाशी भांडत नाही, तुमच्याशी भांडतो, आणि चांगलं पुस्तक फुकट जातं. जात, धर्म, राजकारण, आहार, अध्यात्म, सगळ्याला हेच लागू.

बाकीचे नियम थोडक्यात. स्वतः पूर्ण वाचलेलंच पुस्तक द्या, परीक्षण वाचून नाही. पहिल्या फेरीत अडीचशे पानांच्या आत राहा, आणि कसल्याही मालिकेचा पहिला खंड नको. उभ्याने लोकलमध्ये वाचणाऱ्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी देऊ नका, एका हाताला कडी धरलेली असते. आणि जे पुस्तक तुम्हाला जिवापाड प्रिय आहे, ते पहिल्या फेरीत घरीच ठेवा. समोरच्याने 'ठीक होतं' म्हटलं की तुमचा चेहरा पडणार, आणि तो पडू नये म्हणून पुढची भेट गोडगोड होणार.

४. पुस्तक मिळवा

घरचं असेल तर उत्तम. नसेल तर मुंबईत वाटा बऱ्याच आहेत.

ग्रंथालयं: दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ. जुनं, आवृत्ती संपलेलं पुस्तक मिळालंच तर अशाच ठिकाणी. इथला सापळा असा, की तुमच्या कार्डावर घेतलेलं पुस्तक तिसऱ्याच्या घरी गेलं, तर उशिराचा दंड आणि हरवल्याची भरपाई तुमच्या माथी. बरीच ग्रंथालयं असं पुढे देऊही देत नाहीत. वाचणारा त्याच ग्रंथालयाचा सभासद असेल तर त्याला दाखल क्रमांक (ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला नोंदीचा क्रमांक) सांगा आणि त्याच्याच कार्डावर काढायला लावा.

विकत: दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीतलं आयडियल हे नेहमीचं ठिकाण. जुनी पुस्तकं म्हटलं की सगळे हुतात्मा चौक आणि माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानाजवळचे फुटपाथ सांगतात. जा जरूर, पण तिथे माल मुख्यतः इंग्रजी असतो. मराठीसाठी आपल्या गल्लीतला रद्दीवाला बरा. पुस्तक वजनावर घेतो, पण मराठी कादंबरी बाजूला काढून ठेवायला सांगितलं तर ठेवतो. पावसाळ्यात घेताना मधली पानं उघडून वास घ्या. ओल लागलेलं पुस्तक घरच्या कपाटात इतरांनाही लावतं.

पीडीएफ: ग्रुपवर कुणीतरी 'हे घ्या, सगळ्यांसाठी' म्हणून फाइल टाकणारच. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, त्यामुळे 'स्मृतिचित्रे' मोकळं आहे. वर सांगितलेली बाकीची पुस्तकं नाहीत. ॲडमिन असाल तर फाइल काढून टाका, वाईटपणा घ्या.

५. सोबत चिठ्ठी लिहा

नुसतं पुस्तक हातात ठेवू नका. चार-पाच ओळी पुरतात, आणि त्यांत कथानक, पुरस्कार, 'अप्रतिम' यांपैकी काहीही नको. तुला हे का दिलं, कुठे कंटाळा येईल, काय गाळलं तरी चालेल, एवढंच लिहायचं. नमुना:

'सुनीताताई, तुम्ही सोडलेल्या पुस्तकाबद्दल "काही घडतच नाही" असं लिहिलंत. यातही फारसं घडत नाही, आधीच सांगते. पण तुम्ही गच्चीवर कुंड्या लावता, म्हणून दिलं. चैत्रापासून सुरू करू नका, आषाढ काढा. वनस्पतींची नावं अडली तर पुढे जा, परीक्षा नाहीये. आषाढ आवडला नाही तर पुस्तक मिटा, रागावणार नाही.'

कंटाळ्याची जागा आधीच सांगितली, की वाचणारा ती जागा ओलांडतो. न सांगता तिथे पोचला तर त्याला वाटतं, पुढेही हेच असणार.

चिठ्ठी सुट्या कागदावर. पुस्तकात लिहायचं असेल तर फक्त मालकाचं नाव, पहिल्या पानावर, पेन्सिलीने.

६. हातात द्या

पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरचे लोक असतील तर दादरला पर्याय नाही. हार्बरवाले असतील तर कुर्ला किंवा वडाळा बघा. रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉक पाहून घ्या. आणि 'पुलावर भेटू' हे कधीच नको. दादरच्या पुलावर संध्याकाळी उभं राहून पुस्तकं वाटायला गेलात तर गर्दीच तुम्हाला फलाटावर उतरवून देईल. स्टेशनबाहेरची ठरावीक जागा सांगा, दुकानाच्या नावासकट.

जून ते सप्टेंबर झिपची पिशवी सक्तीची. वर्तमानपत्राचं कव्हर दिसायला छान, पण भिजलं की शाई पुठ्ठ्यावर उतरते.

गटातलं कुणी पुण्या-नाशकाला गेलं असेल तर पोस्ट. छापील पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या दराच्या हिशेबाने निघू नका. काउंटरवर वजन करून स्पीड पोस्ट आणि पार्सल, दोन्हींचा दर विचारा.

वहीत नोंद: पुस्तक, मालक, कुणाकडे, तारीख. देणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची सही.

७. वाचा, किंवा रीतसर सोडा

करार असा: पन्नास पानं वाचायचीच. त्यानंतर सोडायची पूर्ण मुभा. पन्नास पानांच्या आत सोडलं तर ते वाचलंच नाही असं धरतो, पन्नासनंतर सोडलं तर ते वाचन धरतो. कुठल्या पानावर सोडलं ते लिहून ठेवा, भेटीत लागेल.

देणाऱ्याने या सहा आठवड्यांत गप्प बसायचं. 'कुठवर आलं?', 'तो प्रसंग आला का?' हे मेसेज बंद. प्रश्न प्रेमाने विचारलेला असला तरी वाचणाऱ्याला तो गृहपाठ तपासल्यासारखा वाटतो.

८. भेटा

आधी वाचणारा बोलेल. तो थांबेपर्यंत निवडणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला मध्येच 'नाही नाही, त्याचा अर्थ असा' म्हणायची जबर सवय असते. माणशी दहा मिनिटं. 'छान होतं' हे उत्तर धरायचं नाही. त्याऐवजी: कुठे चिडलात? कुठे थांबलात? एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. न आवडलेल्या पुस्तकावर बोलणं बहुधा जास्त रंगतं, कारण आवडलेल्याबद्दल सगळ्यांचे शब्द सारखेच असतात.

जागा: ग्रंथालयाची वाचनखोली गप्पांसाठी नसते, तिथे जमू नका. शिवाजी पार्कचा कट्टा फुकट आणि उत्तम, पावसाळा सोडून. घरी भेटणार असाल तर चहा आणि एकच पदार्थ, तोही विकतचा, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाका. नाहीतर यजमानीण बाई अर्धी भेट स्वयंपाकघरात बटाटेवडे तळण्यात घालवते आणि तिच्या पुस्तकावर बोलायला वेळ उरत नाही. (यजमान पुरुष असला तर वडे आपोआप विकतचे असतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.)

९. परत करा आणि पुढची फेरी लावा

पुस्तक त्याच भेटीत परत. 'अजून थोडं राहिलंय' म्हणणाऱ्याला पुढची तारीख वहीत लिहून द्या. हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं. नवी आवृत्ती जुन्या छापील किमतीच्या कितीतरी पट महाग निघते, तेव्हा 'मागे साठ रुपये छापलेत, हे घ्या साठ' चालणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

पुढच्या फेरीत गोल तसाच ठेवा, पण उजवीकडच्या दुसऱ्या माणसासाठी निवडा. मग तिसऱ्या, मग चौथ्या. आठ जण असतील तर अशा सात फेऱ्यांत प्रत्येकाने प्रत्येकासाठी एकदाच निवडलेलं असतं. (चौथ्या फेरीत मात्र दोघं-दोघं एकमेकांसाठीच निवडतात, तेवढी एक फेरी चालवून घ्या.) पायरी १ मध्ये जी दोन नावं लांब ठेवली होती ती कधीतरी समोरासमोर येतील. तोवर त्यांना पुष्कळ सराव झालेला असेल, येऊ द्या. वाचकपत्र मात्र दर फेरीला नवं भरून घ्या, निदान 'नको' असलेले विषय आणि शेवटची तीन पुस्तकं.

मध्येच कुणी गट सोडला तर त्याची चिठ्ठी उचला, गोल जवळ ओढा, आणि त्याच्याकडची पुस्तकं वही बघून त्याच आठवड्यात मागून घ्या. पहिली फेरी गुढीपाडव्याच्या आसपास लावलेली बरी. दिवाळीच्या तोंडावर लावलीत तर लोक अंकांच्या वाचनालय योजनेत पैसे भरून बसलेले असतात, आणि तुमचं पुस्तक त्या गठ्ठ्याखाली थेट डिसेंबरात सापडतं.